प्रश्न उन्हाचा आहे

थायलंडमधलं गोऱ्या रंगाचं वेड पाश्चात्त्यांच्या अनुकरणातून आलं, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. तिथे मुळात प्रश्न उन्हाचा आहे. भातशेतीत दिवसभर राबणाऱ्याची कातडी रापते, सावलीत बसणाऱ्याची नाही. म्हणून रंग पाहूनच माणसाची पायरी ठरवतात.

त्यात ईशान्येकडचा इसान प्रांत. भाषा शेजारच्या लाओसमधल्या लाओ भाषेला जवळची, जमीन कोरडवाहू, आणि माणसं पोटासाठी बँकॉकला टॅक्सी चालवायला, बांधकामावर, धुण्याभांड्याला येणारी. याउलट राजधानीतली कितीतरी धनाढ्य व्यापारी घराणी चिनी वंशाची, रंगाने उजळ. २०१० च्या सरकारविरोधी आंदोलनात लाल सदरेवाल्यांनी, म्हणजे बरेचसे इसानसारख्या खेड्यापाड्यांतून आलेल्या निदर्शकांनी, स्वतःला 'फ्राय', म्हणजे रयत, म्हणवून घेतलं ते उगाच नव्हे. विरोधक त्यांना 'ख्वाय', म्हणजे म्हैस, म्हणून हिणवत होते!

२०१६ मध्ये गोरेपणाच्या गोळीची एक जाहिरात आली होती. गोरं असलं की जिंकलात, असा तिचा सूर. लोक भडकले, तेव्हा कंपनीने माफी मागून ती मागे घेतली. उजळ करणारी क्रीमं मात्र दुकानात तशीच रांगेने मांडलेली असतात, आणि मजुरीच्या पैशातून ती विकत घ्यावीशी वाटणाऱ्या इसानच्या पोरींचं मला फार वाईट वाटतं.