मेडिकलमध्ये अंगावर हात टाकला, डॉक्टरांचा कायदा फार्मासिस्टला लागतो का?

रात्रपाळी_सिंहगडरोड
मी एका मेडिकलमध्ये पगारी फार्मासिस्ट आहे. परवा रात्री दुकान आवरता आवरता एकजण अल्प्राझोलामच्या (चिंता, घबराटीवरचं, सवय लागू शकणारं औषध) दोन स्ट्रिप मागायला आला. चिठ्ठी मागितली तर मोबाइलमध्ये गेल्या वर्षीची, तीही दुसऱ्याच कुणाच्या नावाची. एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या कडक यादीतलं औषध ते; रजिस्टरला डॉक्टर, पेशंट, नग सगळं चढवायचं आणि 3 वर्षं जपायचं. देणार कशी? नाही म्हटल्यावर घाणेरड्या शिव्या. मग काउंटरवरून हात घालून ॲप्रनची बाही अशी खेचली की खांद्यापाशी टराटरा उसवली. जाताना काउंटरची काच फोडली.

हेल्परने 112 लावला. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून कॉपी हातात दिली, संपलं. मालक म्हणतात, गिऱ्हाईक गल्लीतलंच आहे, सोडून दे. मला सोडायचं नाहीये. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे ना, तो आम्हाला का नाही? कोविडमध्ये शटर उघडं ठेवायला बरे चाललो!

पेठेतला_केमिस्ट
गल्लीतलं आहे म्हणूनच सोडू नका, तो परत येणार. आधी सीसीटीव्हीचं फुटेज काढा, डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं चढतं. उसवलेला ॲप्रन धुऊ नका, शिवू तर अजिबात नका. आणि मालकांना विचारा, फार्मासिस्ट रात्री थांबली नाही तर औषधं कोण देणार? ते स्वतः?

शिवाजीनगर_कोर्ट
2010 चा कायदा कडक आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, दखलपात्र, अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण तो दवाखाने, नर्सिंग होम अशा संस्थांत काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स, निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी. हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीत असता तर निमवैद्यकीय म्हणून भांडता आलं असतं. रस्त्यावरच्या मेडिकलला ओढूनताणूनही बसत नाही. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी साथरोग कायद्यात केलेली 2020 ची दुरुस्ती साथीपुरती.

तुमची खरी अडचण एनसी आहे. बहुधा न्याय संहितेचं कलम 115(2) (इजा करणं) नि 352 (मुद्दाम अपमान) लावलं असणार. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पण बाईच्या अंगावरचा कपडा ओढलाय, शिव्या घाणेरड्या होत्या. 74 (विनयभंगासाठी बळाचा वापर) आणि 79 (बाईच्या विनयाचा अपमान करणारे शब्द) का बघितलं नाही? ही दोन्ही दखलपात्र. हेतू दाखवावा लागतो, म्हणून शिव्या जबाबात जशाच्या तशा लिहा, लाजू नका. ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढ्यावर कोर्टात काही उभं राहत नाही. ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही ऐकलं तर पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने, तिथेही नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 175(3) खाली, तपासाचा आदेश मागायला कोर्टात.

रात्रपाळी_सिंहगडरोड
बाही ओढलेली फुटेजमध्ये स्वच्छ दिसतेय, पण आवाज नाही. आणि फिर्याद मी द्यायची की मालकांनी? ते ठाण्यात यायलाच तयार नाहीत.

शिवाजीनगर_कोर्ट
तुम्ही द्यायची. हात तुमच्यावर टाकलाय. काच त्यांची, तिची फिर्याद देवोत न देवोत, तुमचं अडत नाही. शिव्यांना साक्षीदार म्हणून हेल्पर हवा, त्याला आजच विचारा. मालकांकडून एकच काम करून घ्या: डीव्हीआर त्यांच्या ताब्यात आहे, तेव्हा फुटेजसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्यावर सही. तेवढी गोड बोलून मिळवा.