पेंटॅक्स ६७ ची १०५ एमएम अ‍ॅडॉप्टर लावून वापरावी, की जीएफ ११० घ्यावी?

सावलीरेघ

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज बांधावा लागणार नाही.

माझ्याकडे फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस टू (मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३६ × २४ एमएमच्या फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) आणि त्याच्यासोबत मिळणारी ३५-७० झूम आहे. मी टिपते ती कामात गढलेली माणसं. शिलाई मशीनवर बसलेले शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारे, वाद्यं बनवणारे. चेहरे आणि हात. उजेड बहुतेक वेळा खिडकीचा, फ्लॅश जवळजवळ नाहीच. झूम रेखीव आहे, पण ७० एमएमला तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं तोंड, एफ/५.६ पेक्षा उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं) आणि मागचा पसारा काही केल्या मागे हटत नाही.

मामांनी फिल्मच्या काळात वापरलेली पेंटॅक्स ६७ या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची १०५ एमएम एफ/२.४ लेन्स आता माझ्याकडे आली आहे. बुरशी नाही, ओरखडे नाहीत, फोकस रिंग एकसारखी फिरते. पांढऱ्या कागदावर धरली की काचेत फिकट पिवळी झाक दिसते. दुसरीकडे जीएफएक्ससाठीच बनवलेली जीएफ ११० एमएम एफ/२ मनात घर करून बसली आहे. दोघींचा कोन जवळपास सारखाच. मग नुसता अ‍ॅडॉप्टर (परकी लेन्स कॅमेऱ्याला बसवणारा जोड) घेऊन भागेल का? एवढी जुनी लेन्स ५० मेगापिक्सेलला पुरी पडेल का? आणि त्या पिवळेपणाचं काय करायचं?

तिपाई

सरळ जीएफ ११० घ्या. डोळ्यावर आपोआप फोकस, पाण्या-धुळीपासून बचाव, फाइलमध्ये लेन्स-अ‍ॅपर्चरची नोंद. एफ/२ लाच कोपऱ्यापर्यंत धारदार. वजन एक किलोच्या आसपास आहे तेवढं मनात धरा. जुनी लेन्स आठवण म्हणून कपाटात ठेवा.

जुनीकाच

लेन्स कपाटात ठेवायच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध. बाकी तिपाई म्हणतात ते बरोबर आहे, पण निवड त्या मुद्द्यांवर ठरत नाही.

आधी कोपऱ्यांची काळजी सोडा. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ एमएम, म्हणजे कर्ण साधारण ५५ एमएम. तुमची लेन्स ५५ × ७० एमएमच्या फिल्मसाठी घडवलेली, तिथला कर्ण ८९ एमएमच्या घरात. सेन्सर तिच्या प्रतिमेचा फक्त मधला, सर्वांत चांगला भाग वापरतो. पुरी पडेल का म्हणाल, तर एफ/४ ते एफ/८ मध्ये अगदी निर्धास्त राहा. एफ/२.४ ला बारीक तपशिलावर हलकी झळाळी येते, ती या लेन्सच्या स्वभावात आहे. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती मला फार आवडते, घड्याळाच्या चक्रांवर मुळीच नाही.

खरी अडचण नेमकी त्या जास्तीच्या प्रकाशाची आहे. पेंटॅक्स ६७ मध्ये माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) ते फिल्म हे अंतर जवळपास ८५ एमएम, जीएफएक्समध्ये २६.७. मधले ५८ एमएम म्हणजे अ‍ॅडॉप्टरची पोकळ नळी. सेन्सरबाहेर पडणारा सगळा उजेड त्या नळीच्या आतल्या भिंतीवर आदळतो. भिंत चकचकीत असेल तर तो तिथून सेन्सरवर उडतो आणि काळे भाग राखाडी होतात. मग लोक म्हणतात, जुन्या लेन्समध्ये कॉन्ट्रास्ट नसतो. पुष्कळदा दोष नळीचा असतो. तुमचं सगळं काम खिडकीशेजारी, म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

तपासायला कॅमेराही लागत नाही. लेन्सला अ‍ॅडॉप्टर लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, खिडकीकडे धरा आणि मागून, सेन्सर असतो तिथून, आत बघा. मग लेन्स थोडी थोडी तिरपी करत जा. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधे उजेडाचा गोळा आणि भोवती अंधार दिसतो. वाईट अ‍ॅडॉप्टरमध्ये भिंतीवर पांढरी कडी चमकते, आणि आतली पेचासारखी खाच असते तिच्या प्रत्येक कडेवर उजेडाची रेघ उमटते. अशा वेळी आत काळा मखमली कागद चिकटवायचा (दुर्बिणी घरी बनवणारे लोक वापरतात तोच) आणि लेन्सला खोल हूड लावायचं. फरक हिस्टोग्रामच्या (उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) डाव्या, काळ्या टोकाला लगेच दिसतो.

पिवळेपणाबद्दल. पुढच्या रिंगवर ‘टाकुमार’ असं नाव (पेंटॅक्सच्या जुन्या लेन्सचं) असेल तर आत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असलेली काच असण्याची शक्यता मोठी. ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने हा रंग बराचसा उतरतो: अ‍ॅपर्चर उघडं ठेवून लेन्स काही आठवडे उन्हात ठेवतात, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून. फॉइल विसरू नका. उन्हात उघडी लेन्स म्हणजे भिंगच, मागे पडदा किंवा कागद असेल तर पेटू शकतो. झाक फिकट असेल तर हा खटाटोप कशाला? रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सरळ करता येतो. थोरियमचा किरणोत्सर्ग सौम्य असतो, वापरताना घाबरायचं कारण नाही, फक्त काच घासायची-फोडायची नाही.

आता ज्यावर निवड ठरते ते: फोकस. दीड मीटरवर १०५ एमएम, एफ/२.४, म्हणजे धारदार पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा, आणि मोठी प्रिंट काढायची तर त्याहून कमीच धरा. माणूस श्वास घेतो तेवढ्यात डोळा त्या पट्ट्यातून आत-बाहेर होतो. फोकस पीकिंगवर विसंबू नका. ते उठावदार कडा रंगवतं, सर्वांत धारदार प्रतल दाखवेलच असं नाही. चित्र मोठं करून पाहा आणि ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करा, कारण उघडी ठेवून फोकस केला आणि मग अ‍ॅपर्चर बंद केलं तर अशा जुन्या लेन्समध्ये फोकस जरासा सरकतो. लेन्सवरचा ए/एम (ऑटो/मॅन्युअल) खटका ‘एम’वर असू द्या, नाहीतर रिंग फिरवूनही अ‍ॅपर्चर उघडंच राहील.

म्हणून तुमची माणसं कशी हलतात ते बघा. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला की डोकं जवळजवळ स्थिर असतं, तिथे १०५ उत्तम. शिंपी हलतो, पण त्याचा हात परत परत सुईपाशी त्याच जागी येतो. फोकस सुईवर लावून ठेवायचा आणि हाताची वाट पाहायची. ही पद्धत मला ऑटोफोकसपेक्षाही भरवशाची वाटते. वाद्य बनवणारा मात्र वाकतो, उठतो, लाकूड डोळ्यांसमोर धरून फिरवतो, मधेच तुमच्याशी बोलतो. तिथे जीएफ ११० लागेल.

धुकट

माझ्याकडे ६७ ची लेन्स नाही, पण फुल फ्रेमच्या काही आहेत. त्या जीएफएक्सवर चालतात का?

जुनीकाच

काही चालतात, पुष्कळशा नाहीत. फुल फ्रेमचा कर्ण ४३ एमएम, तुम्हाला हवा ५५. मोठ्या तोंडाच्या काही पोर्ट्रेट लेन्स निभावून नेतात. कॅननच्या टीएस-ई १७ आणि २४ (दुसरी आवृत्ती) ६७ एमएमचं वर्तुळ देतात, त्यांच्यात शिफ्टलाही (लेन्स बाजूला सरकवायला) थोडी जागा उरते. एक गोष्ट सांगून ठेवतो: अशी लेन्स उघडी ठेवून तपासू नका. उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे हळुवार काळवंडतात आणि बरेही दिसतात. एफ/११ ला, इन्फिनिटीवर, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. वर्तुळ अपुरं असेल तर तिथे काठ स्पष्ट कापलेला दिसेल. कॅमेरा ३५ एमएम मोडवर (सेन्सरचा फुल फ्रेमएवढाच मधला भाग वापरण्यावर) टाकून काठ टाळता येतो, पण ५० मेगापिक्सेलचे तीसच उरतात, मग मीडियम फॉरमॅट बाळगायचा कशाला?

पानगळ

हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतला कॅमेरा वापरणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आमच्या कॅमेऱ्यात पडद्याचा शटर नसतो, तो याच मालिकेच्या एक्ससीडी लेन्सच्या आत असतो. शटर नसलेली परकी लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटरच उरतो. जुन्या एक्स१डी मध्ये संपूर्ण सेन्सर वाचायला सेकंदाचा साधारण तिसरा भाग लागतो, त्यामुळे शिलाई मशीनचं फिरतं चाक वाकडं येईल, एलईडी दिव्यात पट्टे पडतील, फ्लॅश तर विसराच. एक्सएच अ‍ॅडॉप्टरवर हॅसलब्लाडच्याच एच मालिकेच्या एचसी लेन्स लावल्या तर त्यांचा स्वतःचा शटर चालतो, तो मार्ग चांगला. जीएफएक्समध्ये शटर कॅमेऱ्यातच आहे, सावलीरेघ, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही.

सावलीरेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. रिंगवर टाकुमारच लिहिलंय. एका ओळखीच्यांचा अ‍ॅडॉप्टर आणून खिडकीकडे धरून पाहिला. चमकती कडी अगदी स्पष्ट, लेन्स जरा तिरपी केली की अर्ध्या चंद्रासारखी मोठी होते. काळा कागद मागवते.

पुढचं बरंचसं काम वाद्यं बनवणाऱ्यांचंच असणार आहे, त्यामुळे जीएफ ११० कडे कल झुकतोय. मग दोन्ही ठेवण्यात अर्थ आहे का?

जुनीकाच

आहे. काम वाद्यवाल्यांचं असेल तर ११० घ्याच, हुकलेला क्षण कुठलीही झळाळी भरून काढत नाही. पण १०५ विकू नका. ११० फार काटेकोर सुधारलेली लेन्स आहे, १४ काचांची. तिच्यात धारदार भागाकडून धूसर भागाकडे जाणं अगदी स्वच्छ असतं. १०५ सहा काचांची, तिच्यात कान आणि केस वेगळ्या रीतीने विरघळतात, नंतर फाइलवर काम करून ते आणता येत नाही. बसलेल्या माणसाचं शांत पोर्ट्रेट, खिडकीचा उजेड आणि तिपाई असेल तेव्हा मी १०५ च काढेन.

स्वतःचा अ‍ॅडॉप्टर घ्याल तेव्हा एवढं बघा. लेन्स लावून हलक्या हाताने फिरवली तर खडखड नको. इन्फिनिटीच्या खुणेच्या किंचित पुढे फोकस जात असेल तर चालेल, बरेचजण मुद्दाम थोडा आखूड बनवतात. खुणेपर्यंत पोहोचतच नसेल तर परत करा. तिपाईसाठी अ‍ॅडॉप्टरलाच पाय असलेला निवडा, म्हणजे लेन्सचा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर लटकणार नाही. कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शूट’ चालू करा आणि माउंट अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये १०५ एमएम भरा. तो आकडा चुकीचा राहिला तर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) चुकीच्या मापाने सेन्सर हलवतं आणि हातात धरून काढलेले फोटो विनाकारण मऊ येतात.