नाशिक: पश्चिमेच्या भिंतीला ओल, उत्तरेचा अंधारा हॉल. रंग कोणते घ्यावेत आणि काम कुठून सुरू करावं?

इंदिरानगरवासी

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला १८ वर्षं जुन्या इमारतीत टू बीएचके आहे, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर सोसायटीची गच्ची. दिवाळीच्या आत आतून रंग करून घ्यायचा विचार आहे.

हॉल १० x १५, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. दुपारी बाराला ट्यूब लावावी लागते. मोठी बेडरूम १० x १२, तिची बाहेरची भिंत पश्चिमेला. खिडकीखाली आणि कोपऱ्यात रंग फुगून पोपडे पडलेत, पोपडा काढला की मागे पांढरी भुकटी. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे आडवी भेग आहे, दोनदा पुट्टी भरली तरी उन्हाळ्यात परत उघडते. स्वयंपाकघरात टाइल्सच्या वर जुना ऑइल पेंट.

पेंटरचं म्हणणं, सगळं खरवडू, दोन हात पुट्टी, एक प्रायमर, दोन हात प्लास्टिक पेंट (म्हणजे इमल्शन), ओलीला आतून डॅम्प प्रूफ मारू. घरच्यांना हॉल राखाडी हवा आहे, बेडरूम पिवळी, आणि पश्चिमेच्या भिंतीवर वॉलपेपर. काय बदलावं?

गिलावा

पश्चिमेची भिंत दिवाळीच्या यादीतून काढा, बाकी घर करून घ्या. सप्टेंबर संपला तरी ती भिंत आतून वाळलेली नसते. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून, त्यामुळे चार महिने तीच भिंत पाणी पिते.

आतून डॅम्प प्रूफ मारून काय होतं ते समजून घ्या. पाणी बाहेरून आत येताना विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. पृष्ठभागाजवळ पाणी उडून गेलं की क्षाराचे खडे बनतात. तीच तुमची पांढरी भुकटी. वर घट्ट थर असेल तर खडे त्याच्या मागे बनतात आणि थराला ढकलून पाडतात. थर टिकलाच, तर ओल बाजूला सरकते किंवा फूटभर वर चढते. म्हणून पाणी बाहेर अडवायचं, आत नाही.

आधी खिडकी तपासा. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात. धूळ आणि मेलेल्या किड्यांनी ती बुजतात, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या गिलाव्यात उतरतं. ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता. ते लगेच बाहेर पडलं पाहिजे. साचून राहिलं तर तारेने भोकं मोकळी करा. मग फ्रेम आणि गिलावा यांच्यातला सांधा बघा. तिथलं जुनं सीलंट कडक होऊन सुटलेलं असेल तर पूर्ण काढून नवीन भरा, जुन्यावर नवीन थापू नका. खिडकीच्या खालच्या दगडाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, हेही पाहून घ्या.

एवढं करून ओल कोपऱ्यातही असेल तर बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत. त्यासाठी परांची किंवा झुला लागतो, सोसायटीची परवानगी लागते. भेगा उघडून भरणे, शेवाळ काढणे आणि बाहेरून लवचिक वॉटरप्रूफ कोट, हे काम भिंत कोरडी असताना, म्हणजे डिसेंबर ते मे यात बसतं.

भिंत वाळली का हे हात लावून कळत नाही. दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा, एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब आले किंवा भिंत गडद दिसली तर पाणी अजून भिंतीत आहे.

आत्तापुरतं एवढंच करा: पोपडे काढा आणि भुकटी कोरड्या ताठ ब्रशने झाडून टाका. ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्याने क्षार विरघळून परत भिंतीत जातात. ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल तिथला गिलावा नंतर काढावा लागेल, ओलीच्या खुणेपलीकडे फूटभर जाऊन. नवा गिलावा सिमेंट-वाळू १:४, त्यात वॉटरप्रूफिंग द्रव, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला बहुधा २०० मिली, पण बाटलीवरचं प्रमाण पाहा. सात दिवस पाणी मारा, मग किमान २८ दिवस थांबून रंगाचा विचार. आणि या भिंतीला पीओपी कधीही नको. ते जिप्समचं असतं आणि जिप्सम ओलीत मऊ पडून भुसभुशीत होतं.

आता ती आडवी भेग. गच्चीचा स्लॅब उन्हात तापून पसरतो, रात्री आकसतो, भिंत तेवढी हलत नाही. पुट्टी कडक असते, ती तिथे फुटणारच, कितीही चांगल्या कंपनीची घ्या. भेग इंग्रजी व्ही आकारात पाचेक मिलिमीटर उघडा, धूळ काढा, लवचिक अॅक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वरून दोन इंची फायबर जाळीची पट्टी. दुसरा उपाय म्हणजे सांध्यावर कॉर्निस, म्हणजे भेग झाकणारी शोभेची पट्टी, पण ती फक्त भिंतीला किंवा फक्त स्लॅबला पकडलेली हवी. दोन्हीकडे पकडली की कॉर्निसच तडकते. गच्चीवर पांढरा उष्णता परतवणारा कोट मारायला सोसायटी तयार झाली तर भेगेची हालचालही कमी होईल आणि वरच्या मजल्याचा उकाडाही.

ब्रशवाला

पुट्टीच्या आधी प्रायमर हवा ना? तुमच्या पेंटरने क्रमच उलटा सांगितलाय.

गिलावा

पुट्टी कोणती यावर आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी पाण्याबरोबर घट्ट होते, तिला खाली प्रायमर लागत नाही. उलट भिंत हलकी ओली करून घ्यायची, नाहीतर कोरडी भिंत पाणी ओढून घेते आणि पुट्टी हाताला भुकटी होऊन लागते. बादलीत तयार मिळणारी अॅक्रिलिक पुट्टी असेल तर तुमचं बरोबर: प्रायमर, पुट्टी, परत प्रायमर. रंगाखाली प्रायमर मात्र दोन्ही बाबतीत हवाच.

व्हाइट सिमेंट पुट्टीला किलोमागे साधारण ३५० ते ४०० मिली पाणी. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती परत सैल करतात, ते डोळ्यांसमोर दिसलं तर थांबवा, तो भाग पुढे सुटतो. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको.

आणि सगळं घर खरवडायची गरजच नसेल. जुन्या रंगावर ब्लेडने फुलीची रेघ मारा, चिकटपट्टी दाबून लावा, झटक्यात ओढा. रंग निघाला नाही तर तिथे नुसतं घासकाम, खड्ड्यांपुरती पुट्टी, प्रायमर आणि रंग पुरे. जुना डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) असेल आणि ओला हात फिरवल्यावर तळव्याला रंग लागत असेल तर मात्र तो पूर्ण काढावाच लागतो.

रंगरेषा

भिंतीचं वर नीट आलं आहे, मी उजेडाबद्दल सांगते.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्या उजेडात राखाडी अजून निळा आणि मळका दिसतो. घरच्यांना राखाडीच हवा असेल तर पिवळट किंवा तांबूस झाक असलेला घ्या, निळ्या झाकेचा अजिबात नको. माझं मत विचाराल तर या हॉलला सायीसारखा पांढरा बरा. शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती टक्के परत फेकला जातो. हॉलला ७० च्या वर ठेवा. छत मॅट पांढरं.

गडद भिंत हवीच असेल तर खिडकीच्या समोरची नको, तीच भिंत उजेड खोलीत परत टाकते. खिडकी असलेली भिंतही नको; गडद भिंत आणि लख्ख खिडकी शेजारी आली की डोळ्यांना त्रास होतो. उरल्या बाजूच्या दोन, त्यातली सोफ्यामागची निवडा.

बेडरूमला पिवळा देऊ नका. चार वाजता पश्चिमेचं ऊन आत आलं की पिवळा नारिंगी होतो आणि मार्च ते मे त्या खोलीत बसवत नाही. फिकट हिरवट किंवा निळसर राखाडी, एलआरव्ही ६० च्या आसपास, तिथे शोभून दिसतो.

शेड कार्डाच्या बोटभर तुकड्यावरून ठरवू नका. तोच रंग चार भिंतींवर आला की एकमेकांवर उजेड टाकून जास्त गडद वाटतो. छोटा डबा आणा, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, आणि रात्री घरातल्या दिव्याखाली पाहा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणि ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली तोच रंग दोन वेगळे रंग वाटतात. म्हणून दिवे बदलायचे असतील तर रंगाच्या आधी बदला.

चकाकीबद्दल एकच: चकाकणारा पेंट धुता येतो पण भिंतीची प्रत्येक उंचसखल जागा दाखवतो. छताच्या कडेने एलईडी पट्टी लावणार असाल तर त्या भिंतीला मॅटच. देवघरामागे मात्र रंगाचा हट्ट नको. समईच्या काजळीने कुठलाही रंग काळवंडतो, तिथे टाइल किंवा दगड लावा.

वॉलपेपर पश्चिमेच्या भिंतीवर नाहीच. ओल असताना त्याच्यामागे बुरशी धरते. पीव्हीसी पॅनेलचंही तेच, वरून छान आणि आत भिंत कुजलेली. वॉलपेपर हवाच असेल तर आतल्या कोरड्या भिंतीवर, पलंगाच्या डोक्याशी.

पंचवटीकर

मध्येच विचारतो. जुना वाडा, विटा चुन्यात, गिलावाही चुन्याचा. तिथे हाच क्रम चालेल का?

गिलावा

नाही. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, प्लास्टिक पेंटने ती वाट बंद होते. सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट, तो चुन्यापेक्षा कडक असतो आणि काही पावसाळ्यांत खालच्या विटांसकट सुटतो. दुरुस्ती चुन्यानेच करा. रंगाला मुरलेला चुना, दुधाइतका पातळ, गाळून. भिंत ओली करून तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. रंग हवा तर गेरू किंवा पिवडी, चुन्यात त्यांचा रंग उडत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, चुन्याचा थेंब डोळ्याला इजा करतो.

इंदिरानगरवासी

खूप आभार. पश्चिमेची भिंत आता नको हे घरी पटलं. दोन प्रश्न राहिले: स्वयंपाकघरातला ऑइल पेंट, आणि माल किती मागवू? पेंटर 'अंदाजे वीस लिटर' म्हणतो.

गिलावा

ऑइल पेंटवर सरळ इमल्शन मारलं तर ते नखाने सोलून निघतं. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकटपणा काढा, दोनदा साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मग चकाकी जाईपर्यंत घासायचं, पण पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नसावं हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तुमचा ऑइल पेंट त्याआधीचा आहे, त्यात शिसं असू शकतं. कोरडं घासून त्याची धूळ उडवू नका, मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नका. घासल्यावर ऑइल प्रायमरचा एक हात, वर धुता येणारा पेंट.

मोजमाप अंदाजाने नको, टेप लावा. बेडरूमचं करून दाखवतो, उंची साडेनऊ फूट धरून: घेर ४४ गुणिले ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट. दार ३ x ७ आणि खिडकी ४ x ४ वजा करून ३८१. यातून १० फुटी पश्चिमेची भिंत आत्ता नाही, ती खिडकीसकट ९५. खिडकी आधीच वजा झाली आहे, म्हणून ७९ काढा. उरले ३०२. गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन लिटरमागे दोन हात मिळून साधारण १२० चौरस फूट जातं, म्हणजे अडीच लिटर. चार लिटरचा डबा घ्या, उरलेलं पश्चिमेच्या भिंतीला येईल. झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, शेडचा नंबर आणि बॅच झाकणावर लिहा. पुट्टी पूर्ण भिंतींना दिली तर किलोमागे दोन हात १२ चौरस फूट धरा, ३०२ ला २५ किलो. हॉल आणि दुसरी खोली याच पद्धतीने मोजा.

एका खोलीला दोन डबे लागत असतील तर दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र करूनच सुरुवात करू द्या, मशीनने मिसळलेल्या दोन डब्यांत किंचित फरक राहतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. रंग पुरवायला जास्त पाणी घातलं की तिसरा हात द्यावा लागतो. दोन हातांत चार ते सहा तास जाऊ द्या. आणि मजुरी भिंतीच्या मोजलेल्या चौरस फुटावर ठरवा, कार्पेट एरियाच्या (घरातल्या फरशीच्या क्षेत्रफळाच्या) पटीत नाही. दारं-खिडक्या वजा होणार की नाही हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या.