सहज गप्पा जमत नसतील, तर रोजचा संवाद कसा निभवावा?

मितभाषी यांचा प्रश्न

कामाच्या विषयावर मी तासभर न अडखळता बोलू शकतो आणि चार लोकांसमोर सादरीकरण करतानाही मला फारशी अडचण येत नाही. पण तेच सादरीकरण आटोपून बाहेर पडताना शेजारून चालणारी व्यक्ती सहज म्हणून 'मग, काय चाललंय?' असे विचारते, तेव्हा माझी बोलती बंद होते. खरे उत्तर द्यायचे तर ते लांबलचक होईल आणि 'ठीक आहे' म्हटले की संभाषण तिथेच संपते, अशा पेचात मी बहुतेक वेळा नुसताच हसतो.

तीन-चार जण गप्पा मारत असतील तर अवस्था आणखी बिकट होते. मला सुचलेले वाक्य मनात नीट जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो आणि मग ते बोलण्यात अर्थ उरत नाही. रात्री मात्र तेच संभाषण डोक्यात पुन्हा पुन्हा फिरते आणि समोरच्याला आपण शिष्ट तरी वाटलो असू किंवा बावळट तरी, अशी खात्री होत जाते. मला माणसांचा तिटकारा नाही, हे मुद्दाम सांगतो. माझे मोजके मित्र आहेत आणि त्यांच्यासोबत मी मोकळा असतो.

'चार माणसांत मिसळत जा, आपोआप जमेल' हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मिसळत आलो, आपोआप काही जमले नाही. त्यामुळे 'आत्मविश्वास वाढवा' यापलीकडचे, प्रत्यक्ष वापरता येईल असे काही कोणी सुचवू शकेल का?

सावकाश यांचे उत्तर

वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे जातो, हे आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि त्याचा बुद्धीशी किंवा आत्मविश्वासाशी फारसा संबंध नाही. 2009 मध्ये दहा भाषांमधील संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधले अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद इतके आढळले. याउलट, समोरचे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायलाच माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा की, गप्पांमध्ये पटकन उत्तर देणारा माणूस समोरच्याचे बोलणे संपण्याची वाट पाहतच नाही. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून तो ऐकता ऐकताच स्वतःचे उत्तर रचत असतो. आपण पूर्ण ऐकून, समजून घेऊन, मग विचार करत असाल, तर दर वेळी थोडे मागे पडणे अटळ आहे. सादरीकरणात ही अडचण येत नाही, कारण तिथे बोलण्याची पाळी आपल्याकडून कोणी हिसकावून घेत नाही.

म्हणून वेग वाढवण्याच्या खटपटीपेक्षा वेळ मिळवण्याच्या युक्त्या अधिक उपयोगी पडतात. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी युक्ती म्हणजे मागे गेलेला विषय परत आणणे. 'मघाशी तुम्ही घर बदलण्याविषयी म्हणालात, त्यावर विचारायचं राहिलं' असे म्हणायला कोणाचीही हरकत नसते. उलट आपले बोलणे कोणीतरी लक्षात ठेवले, याचे समोरच्याला बरेच वाटते. संथ विचार करणाऱ्यांसाठी हा राजमार्ग आहे आणि तो इतका कमी का वापरला जातो, हे मला न उलगडलेले कोडे आहे. दुसरे असे की, वाक्य पूर्ण तयार नसतानाही 'हं, यावरून आठवलं...' एवढे म्हणून पाळी राखून ठेवता येते. मंडळी क्षणभर थांबतात. जिथे निवड आपल्या हातात असेल तिथे चौघांच्या घोळक्यापेक्षा एकट्या माणसाशेजारी उभे राहणे केव्हाही सोपे.

'काय चाललंय?' या प्रश्नाचे म्हणाल, तर विचारणाऱ्याला अहवाल नको असतो, फक्त धरायला एखादे टोक हवे असते. 'ठीक आहे'च्या पुढे एक छोटी, खरी गोष्ट जोडावी: 'ठीक आहे, सध्या जुनी सायकल दुरुस्त करण्याच्या नादात आहे.' त्याला रस असेल तर तो पुढे विचारेल, नसेल तर आपले उत्तर पूर्ण झालेलेच आहे. अशी एखादी गोष्ट घरातून निघतानाच ठरवून ठेवता येते. शिवाय समोरच्याने जे सांगितले त्यातलाच धागा पकडून पुढचा प्रश्न विचारावा. असे प्रश्न विचारणारी माणसे संभाषणानंतर इतरांना अधिक आवडतात, असे 2017 मधील एका संशोधनात दिसून आले आहे.

स्पष्टच_सांगते यांचे उत्तर

वरील बहुतेक गोष्टी पटल्या, पण प्रश्नांविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ज्यांना बोलण्याचे दडपण असते ती माणसे कधीकधी प्रश्नांच्या आडच लपतात आणि एकामागून एक प्रश्न विचारत राहतात. समोरच्याला मग उलटतपासणी सुरू असल्यासारखे वाटू लागते. एक-दोन प्रश्नांनंतर स्वतःविषयीचे एखादे वाक्य यायलाच हवे, मग ते कितीही साधे असो.

आडवाट यांचे उत्तर

मला वयाच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. आपल्या बाबतीत तसे असेलच असे मी मुळीच सुचवत नाही. ते काम तज्ज्ञांचे आहे. पण 'जमत नाही' या एकाच तक्रारीखाली दोन निराळ्या अडचणी दडलेल्या असू शकतात आणि त्यांवरचे उपायही निराळे असतात, एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली अडचण भीतीची. काय बोलायचे ते येत असते, परंतु लोक काय म्हणतील या धास्तीने ते बाहेर पडत नाही. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भयाचे जे प्रारूप मांडले, त्यानुसार अशा वेळी माणसाचे लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर खिळते: आवाज कापतोय का, चेहरा कसा दिसतोय, आत्ताचे वाक्य चुकले का. मनातल्या मनात वाक्ये घोकणे हेसुद्धा त्यांनी भीती टिकवून ठेवणाऱ्या बचावांमध्येच धरले आहे, कारण घोकण्यात गुंतलेला माणूस समोरच्याचे ऐकतच नाही. त्यामुळे 'सावकाश' यांनी सुचवलेली पूर्वतयारी घराच्या दारापर्यंत ठीक आहे; संभाषण सुरू झाल्यावर मात्र लक्ष समोरच्याच्या शब्दांवर नेण्याचा सराव करावा लागतो. भीतीमुळे माणसांना भेटणेच टाळले जात असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. या भयावर विचार-वर्तन उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो.

दुसरी अडचण अलिखित संकेत न उमगण्याची, आणि ती माझी आहे. मी अनेक वर्षे इतरांचे हावभाव पाहून त्यांची नक्कल करत राहिले. ते दिसायला उत्तम जमत होते, पण घरी आल्यावर एक शब्दही बोलण्याचे त्राण उरत नसे. स्वमग्न प्रौढांवर झालेल्या अभ्यासांमध्ये या मुखवट्याची आणि त्यातून येणाऱ्या थकव्याची वर्णने वारंवार आढळतात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये असे मांडले की, अशा संवादातील तुटलेपणा दोन्ही बाजूंचा असतो: आम्हाला इतरांचे मन वाचता येत नाही, तसेच इतरांनाही आमचे येत नाही. पुढे 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट सांगत न्यायची होती. स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत त्या गोष्टीचे तपशील इतरांच्या साखळीइतकेच चांगले टिकले. हे वाचल्यावर मला केवढा दिलासा मिळाला, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता मी मुखवटा कुठे घालायचा ते निवडते. अनोळखी लोकांमध्ये थोडा वेळ घालते. रोज भेटणाऱ्यांना मात्र सरळ सांगून टाकले आहे, 'मी तुमच्याकडे न पाहता ऐकत असेन, पण ऐकत असते.' लोकांनी ते जितक्या सहज स्वीकारले तितक्या सहज माझ्या नातेवाइकांनी स्वीकारले नाही, हा भाग वेगळा.

रात्रीच्या उजळणीविषयी एक गोष्ट राहिली. अनोळखी जोड्यांना बोलायला लावून नंतर दोघांना स्वतंत्रपणे विचारणारे एक संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. समोरच्याला आपण किती आवडलो असू, याविषयीचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सातत्याने कमी निघाला. त्यामुळे आपल्याला रात्री वाटणारी ती 'खात्री' पुरावा म्हणून धरू नये.

मितभाषी

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही अडचणी माझ्यात थोड्या थोड्या असाव्यात, असे वाचताना वाटले. एक शंका विचारायची राहिली. संभाषण सुरू झाले तरी ते संपवावे कसे, हे मला कळत नाही. एक तर मी अचानक निघून जातो, नाहीतर समोरचा जाईपर्यंत अवघडून उभा राहतो.

सावकाश

यात आपण एकटे नाही. दोघांनाही हवे होते नेमक्या त्याच वेळी संपलेली संभाषणे जेमतेम 2 टक्के होती, असे 2021 मधील एका अभ्यासात आढळले. त्यामुळे अचूक क्षण शोधण्याचा नाद सोडावा.

संभाषण एकट्याने संपवता येत नाही. आधी तशी सूचना द्यावी लागते आणि समोरच्याने ती स्वीकारावी लागते. शेग्लॉफ आणि सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच संभाषणाच्या या शेवटाचा बारकाईने अभ्यास केला होता. व्यवहारात हे असे करता येते: समोरच्याचे वाक्य संपले की 'बरं' म्हणून किंचित थांबावे, त्याच्याच बोलण्यातील एखाद्या गोष्टीचा उल्लेख करावा, जसे की 'मुलाखतीचं काय झालं ते नक्की कळवा', आणि मग 'चला, निघतो' म्हणावे. मधला उल्लेख गाळला की निघणे तुटक वाटते. आपल्या अचानक जाण्यात बहुधा तेवढाच दुवा निसटत असावा. कारण सांगितलेच पाहिजे असे नाही, आणि खोटे कारण तर अजिबात नको, कारण पुढच्या भेटीत ते लक्षात ठेवावे लागते. आपण 'बरं' म्हटल्यावरही समोरच्याने नवा विषय काढला, तर त्याला अजून बोलायचे आहे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. वेळ असल्यास तो विषय ऐकून घ्यावा आणि पुढचे 'चला' पाऊल वळवता वळवता म्हणावे.