मदत हवी आहे: ऐरोलीहून (नवी मुंबई) सुटणाऱ्या फ्लेमिंगो-बोटीसाठी कोणती तिथी धरावी?
राम राम मंडळी. भुसावळहून आम्ही 8 जण फेब्रुवारीत ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला येतोय. आमच्याकडे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पाणी तासातासाला बदलत नाही, इथे सगळं भरती-ओहोटीवर. पुनवेला-अमावस्येला मुंबईत भरती दुपारी 12 च्या आसपास, पुढे रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, एवढा हिशोब मांडलाय. अडचण अशी, की बोटीला पाणी हवं आणि चोच उलटी करून चिखल गाळणाऱ्या या पाखरांना उथळ जागा. भरती पूर्ण चढली की थवे लांब सरकतात. अष्टमीच्या भांगाला (म्हणजे भरती कमी चढते तेव्हा) चिखल पुरता बुडत नाही, पण तेव्हा बोट आतपर्यंत जाते का? सोबत 2 वयस्कर आहेत, परतीची गाडी रात्रीची. स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) किनाऱ्यावरच लावू, बोटीवर हातातल्या दुर्बिणीच. तर पुनवेनंतरची कोणती तिथी धरावी, आणि भरतीच्या किती आधीची फेरी मागावी?