मदत हवी आहे: नासची एक डिस्क गेली, दुसरीला हात लावायची हिंमत होत नाही

नमस्कार मंडळी. घरी जुन्या पीसीवर ट्रूनास (नास म्हणजे नेटवर्कवरून फायली साठवायची पेटी, तिची प्रणाली) चालवतो. ४ टीबीच्या चार डिस्क, रेडझेड१ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दोन गेल्या की नाही). परवा एक गेली, पूल (चारही डिस्कचा एकत्र साठा) डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना चाललेला, दाखवतोय.

आत बाबांच्या आणीबाणीतल्या पत्रांचे स्कॅन आहेत. येरवड्याहून आईला आलेली इनलँड पत्रं, तुरुंगाचा शिक्का, एकात दीड ओळ काळी फासलेली. मूळ पत्रं २०१९च्या पुरात सांगलीच्या घरात भिजून लगदा झाली. (दादा अजून म्हणतो, तेव्हा गाड्या तरी वेळेवर धावायच्या. तो विषय नकोच, जेवणं गार होतात.)

नवी डिस्क आणलीय. पण जुन्या चारही एकाच दिवशी घेतलेल्या, आणि स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत) उरलेल्यांपैकी एकीवर ८ पेंडिंग सेक्टर (वाचायला अडलेले भाग) दिसताहेत. रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) चालू असताना तीही गेली तर? बाबा १९७५ साली सत्याग्रहाला गेले, मी स्क्रू काढायला घाबरतोय.

आधी ते स्कॅन, ४० जीबी, यूएसबी डिस्कवर काढून मगच गेलेली डिस्क बदलू ना? पूल रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असा) इम्पोर्ट केला तर धोका कमी होईल का? आणि क्लाऊडवर ठेवायचंच झालं तर आधी एन्क्रिप्ट कशाने करता? घरची पत्रं उघडी ठेवायला मन धजत नाही.