मदत हवी आहे: उंदरांच्या संकरात गुणसूत्रांची साखळी तयार झाली की वंध्यत्व नेमकं कशामुळे येतं?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुवारी सेमिनार आहे आणि दोन दिवस एकाच जागी अडकलेय.

पश्चिम युरोपातल्या घरउंदरात, म्हणजे मस मस्क्युलस डोमेस्टिकसमध्ये, मुळात ४० गुणसूत्रं, सगळ्यांचा सेंट्रोमिअर (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं तो भाग) टोकाला. दोन गुणसूत्रं त्या टोकांशी जोडली गेली की आकडा उतरतो. स्वित्झर्लंडच्या पोस्कियाव्हो खोऱ्यात तो २६ वर आलाय, काही ठिकाणी थेट २२.

मामांचे यंत्रमाग आहेत. कोनांवर उरलेलं रंगीत सूत त्यांच्याकडून आणलं, ४० तुकडे कापून फरशीवर मांडले आणि दोन-दोनांना गाठी मारत गेले. १९ जोड्यांपैकी १८ च्या ९ झाल्या, एक सुटी राहिली, एक्स-वाय ही लिंग-गुणसूत्रं वेगळी. बरोबर २२! बोटभरही सूत वाया गेलं नाही. जनुकं न गमावता आकडा कसा घटतो, हे मला तेव्हा कुठे नीट उमगलं.

४० आणि २२ वाल्यांच्या संकरात गाठीच्या एका धाग्यासमोर दोन सुटे धागे येतात, तिकडी होते. अशा तिकड्या मोजक्याच असतील तर प्रजननक्षमता फारशी घटत नाही, इथवर ठीक.

पण एका गटात लाल-पांढरा जोडलाय आणि दुसऱ्यात पांढरा-हिरवा, तर? पांढरा पांढऱ्याला धरतो, हिरव्याला पहिल्या गटातला हिरवा-निळा येऊन बिलगतो, आणि फरशीभर साखळी पसरते. कधी टोकं जुळून कडं होतं. अटलांटिक महासागरातल्या मदिरा बेटावर काही शतकांत असे वेगवेगळ्या जोडण्यांचे सहा गट तयार झालेत.

मला विचारायचंय ते हे: वंध्यत्व येतं ते साखळी विषम तुटून जनुकं कमी-जास्त वाटली गेल्यामुळे, की सेंट्रोमिअरजवळचा भाग जुळत नाही म्हणून शुक्राणू बनवणाऱ्या पेशी मिऑसिसमध्येच (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनातच) मरतात? आणि नराला फटका जास्त का?

शिवाय आपल्या देशातल्या शेतांतला मस टेरिकलर याच सेमिनारमध्ये घ्यावा का? त्याचा आकडा ४० च राहतो, हेटरोक्रोमॅटिनच्या, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या, जवळपास जनुकं नसलेल्या डीएनएच्या, जादा आखूड भुजांमुळे तीन प्रकार पडतात. मला तो मनापासून घ्यायचाय, युरोपातल्याच उंदरांवर थांबायचं नाही. सोलापूरकडच्या जोंधळ्याच्या रानातल्या उंदरांचे कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि आकार दाखवणारे संच) कुणी पाहिले असतील तर जरूर लिहा. साखळीचं मात्र बुधवार रात्रीपर्यंत कळवाल का?